पायातला ब्रेक

माझा उजवा पाय ४४ वर्षांचा झाल्यावर मी त्याला शाळेत घातलं. हातांचं आणि डोक्याचं शिक्षण आपापल्या वेळी झालं होतं, बरंवाईट. उजवा पाय मात्र आजवर नुसता बरोबर येत होता. ऑफिसात टेबलाखाली हलत राहणारा, देवळाबाहेर आधी चपलेतून निघणारा, आणि गाडीवर ब्रेकशी ठेवलेला. ठेवलेला म्हणजे अक्षरशः ठेवलेला, फुलदाणी ठेवतात तसा.

त्याची शाळा दर रविवारी सकाळी साडेसहाला भरते. तळेगावच्या पुढे एक जुनं एन.ए. प्लॉटिंग आहे. दारात कमान, कमानीवर परदेशातल्या गावाचं वाटावं असं नाव, आत सिमेंटचा सरळसोट रस्ता आणि कडेनं दिव्यांचे खांब. खांबांवर दिवे नाहीत, प्लॉटवर बंगले नाहीत. लोकांनी गुंतवणूक करून ठेवली आणि विसरले. मालकाची रीतसर परवानगी आहे. वॉचमन मामांची वेगळी घ्यावी लागली. ते खेड तालुक्यातले, बैलगाडा शर्यतींचे शौकीन. त्यांनी एकच विचारलं, "एवढं करून भेटतं काय?"

"काही नाही."

"मग ठीक," असं म्हणून त्यांनी साखळी काढली. बक्षीस असतं तर बहुधा वाटा मागितला असता.

मास्तर २३ वर्षांचा आहे. त्याच्या वडिलांचं गॅरेज आहे, माझी स्कूटर तिथंच जाते. मला तो 'काका' म्हणतो, अहो-जाहो करतो, आणि त्याच अदबीनं झापतो. "काका, पाय कुठं होता तुमचा? नाही, मला एवढंच सांगा, पाय कुठं होता?" मी त्याला गुरुजी म्हणतो. ते त्याला आवडत नाही. त्याला वाटतं मी चेष्टा करतो. तशी थोडी करतोच.

शिकतोय ते असं: मोटरसायकलचं पुढचं चाक हवेत उचलायचं आणि सीटवर न बसता, फूटरेस्टवर उभं राहून, ते तसंच अधांतरी ठेवत गाडी पुढं न्यायची. स्टँडिंग व्हीली. आमच्याकडे पोरं सरळ 'गाडी उचलणं' म्हणतात.

या वयात का, याला मी प्रत्येकाला वेगळं उत्तर देतो. मित्रांना आरएक्स १००ची गोष्ट सांगतो. १९९७ साली सांगलीत कॉलेजला होतो. यामाहाची ती गाडी आदल्याच वर्षी बंद झाली होती, त्यामुळे ज्याच्याकडे ती, त्याचा रुबाब संस्थानिकाचा. ९८ सीसीचं टू-स्ट्रोक इंजिन, वजन शंभर किलोच्या आसपास. आमच्या वर्गातला एक जण कॅन्टीनसमोर क्लच झटक्यात सोडायचा आणि पुढचं चाक हात-दीड हात वर यायचं. दोन सेकंद. त्या दोन सेकंदांत चहाचे कप ओठांशी थांबायचे. माझ्याकडे वडिलांची चेतक होती. पावसाळ्यात ती चालू करण्याआधी बाजूला आडवी करावी लागे, कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोल यावं म्हणून. तिचं चाक जमिनीवरून सुटलेलं मी फक्त पंक्चरवाल्याकडे पाहिलं.

नातेवाइकांना मी २६ जानेवारीची परेड सांगतो. दूरदर्शनसमोर बसून रणगाडे, चित्ररथ सगळं सोसायचं ते शेवटी येणाऱ्या लष्कराच्या मोटरसायकलींसाठी. बुलेटवर ताठ उभा राहून सॅल्यूट ठोकणारा जवान. देशभक्तीचं उत्तर असलं की पुढचे प्रश्न कमी येतात.

खरं कारण जरा लाजेचं आहे. मी चाकणजवळच्या एका कारखान्यात क्वालिटीला आहे, आणि २० वर्षं मी मुख्यतः ब्रेक ड्रम तपासले. दुचाकीच्या मागच्या चाकात बसतं ते बिडाचं कडं. आतून गोल आहे का, व्यास मापात आहे का, पृष्ठभाग कसा आला. गो गेज आत गेला पाहिजे, नो-गो गेज जाता कामा नये. पास, पास, रिजेक्ट. तर एकदा स्कूटर घ्यायला गेलो असताना गॅरेजमागच्या मोकळ्या जागेत हा पोरगा एका चाकावर गोल गोल फिरताना दिसला. उतरल्यावर मी विचारलं, "मागं पडत कसा नाहीस रे?"

"ब्रेकवर आहे ना काका."

"ब्रेक मारलास तर गाडी थांबेल."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. पोरांना मोबाइलचं काही विचारलं की ती पाहतात तसं. "मागचा ब्रेक दाबला की पुढचं चाक खाली येतं, काका. सगळा खेळ त्याच्यावरच आहे."

लाखभर ड्रम माझ्या हाताखालून गेले असतील. ड्रम हे काम करतो, हे मला ठाऊक नव्हतं. घरी येऊन कागदावर बाण काढले तेव्हा पटलं. मागच्या टायरला रस्ता मागं ओढतो, तो अगदी खाली, जमिनीपाशी. गाडीचं आणि माणसाचं वजन मात्र वर असतं, ते पुढं जात राहू बघतं. मग सगळा डोलारा पुढं कलतो. साधी गोष्ट. दहावीच्या पुस्तकातली म्हणावी इतकी साधी. पुढच्या रविवारी मी तळेगावला होतो.

गाडी गुरुजींची, २००४ सालची पल्सर १५०, भंगारातून परत आणलेली. तिला आता दागिने फार. दोन्ही बाजूंना पाइप वाकवून केलेला पिंजरा, मागच्या चाकाला मोठं स्प्रॉकेट (वेग कमी, ओढ जास्त), आणि मागच्या टायरमध्ये नेहमीच्या निम्मी हवा, म्हणजे टायर पसरून बसतो आणि गाडी डुगडुगत नाही. इंजिनात ऑइलही थोडं जास्त. गाडी तिरकी उभी राहिली की ऑइल मागं गोळा होतं आणि पंपाच्या तोंडाशी कोरड पडायची भीती असते. शेपटाखाली जमिनीकडे झुकलेला एक लोखंडी बार वेल्ड केलाय, त्याला ट्वेल्व्ह बार म्हणतात. गाडी घड्याळातल्या बाराच्या काट्यासारखी ताठ झाली की हा जमिनीला टेकतो आणि पूर्ण उलटण्यापासून वाचवतो. गाडीचे बारा वाजू नयेत म्हणून बाराचा बार.

पहिले तीन रविवार गुरुजींनी मला चाक नीट उचलूच दिलं नाही. पहिल्या गिअरमध्ये हळू जायचं, क्लच दाबायचा, मूठ थोडी पिळायची, क्लच सोडायचा, चाक वीतभर उठलं की लगेच पायातला ब्रेक. धप्प. पुन्हा. उचल, दाब. उचल, दाब. मी म्हटलं, अरे, वर तर जाऊ दे. तो म्हणाला, "खाली यायला आलं की जायचं." गाणं शिकायला गेलेल्या पोराला बुवा सहा महिने षड्जावरच बसवतात, तसा प्रकार. फरक इतकाच, की षड्ज चुकला तर माकडहाड दुखत नाही.

माझं दुखलं. पाचव्या रविवारी. उचल-दाबचा आत्मविश्वास आला होता, चाक छातीच्या उंचीला गेलं, आणि क्षणभर सगळं वजन नाहीसं झालं. आकाश एकदम मोठं दिसलं. त्या वेळी पायानं दाबायचं होतं. पाय फुलदाणीसारखा ठेवलेलाच राहिला, आणि हातांनी, कुणी न सांगता, हँडल गच्च पकडलं. मागं पडणारा माणूस जे हाताला लागेल ते धरतो, त्यात चूक काही नाही. पण मोटरसायकलवर उजव्या हाताला मूठ लागते. अंग मागं गेलं की मनगट वळतं, मनगट वळलं की मूठ पिळली जाते, आणि गाडी आणखी वर. जितकं घट्ट धरावं तितकं ती फेकते. बार सिमेंटवर घासल्याच्या ठिणग्या मी पाहिल्या नाहीत, मामांनी पाहिल्या. मी रस्त्यावर बसलेला होतो आणि पल्सर माझ्याविना चार-पाच मीटर पुढं जाऊन आडवी झाली.

हेल्मेट, पाठीचं कवच, कोपर-गुडघ्यांचे पॅड, सगळं होतं. माकडहाडाला पॅड नसतं. घरी बाथरूममध्ये पाय घसरला असं सांगितलं. बायकोनं गरम पाण्याची पिशवी आणून दिली, रबराचं गोल उशीसारखं बसायला आणलं, दोन दिवस काही बोलली नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "अहो, बाथरूममध्ये पडलेल्या माणसाच्या बुटाला ग्रीस कुठलं?"

मी सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं, आणि विमा कितीचा आहे ते विचारलं.

बरा होऊन परत गेलो तेव्हा पाय ऐकायला लागला होता. भीती मुरली होती, पण योग्य जागी. आता वेगळीच अडचण आली. चाक वर धरून ब्रेक हलका दाबला की गाडी एकसारखी खाली येत नसे. थरथरत, टप्प्याटप्प्यानं यायची. तळव्याला काहीतरी टोचल्यासारखं व्हायचं: दाब, ढील, दाब, ढील, चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला. गुरुजी म्हणाले, जुनी गाडी आहे, सवय करा. त्यांना सवय झाली होती. माझ्या पायाला मात्र ते टोचणं ओळखीचं वाटलं. म्हणजे पायाला नव्हे, मला. दर महिन्याला ग्राहकाकडून येणाऱ्या तक्रारीच्या कागदावर तेच लिहिलेलं असायचं: पेडलला धडधड. आणि आम्ही उत्तरात लिहायचो, ओव्हॅलिटी मर्यादेत आहे.

मागचं चाक काढून भोसरीत ओळखीच्या टर्नरकडे नेलं. पल्सरचा तो ड्रम १३० मिलिमीटरचा. चाक लेथला बांधलं, मी खिशातून माझा डायल गेज काढला, टोक ड्रमच्या आतल्या भिंतीला लावलं आणि चाक हातानं हळूहळू फिरवलं. काटा एकीकडे सरकत गेला, थांबला, परत आला. पुन्हा सरकला. दीडशे मायक्रॉन. दोन केसांएवढं म्हणा. गोल नव्हता तो, अंड्याकडे झुकलेला होता. शेडमध्ये चार लेथ चालू होते, कुणी रेडिओ लावला होता, आणि मी त्या काट्याकडे बघत उभा. इतक्या वर्षांत हा आकडा मी हजारदा लिहिला असेल, कधी लाल पेनानं, कधी निळ्या. त्या दिवशी तो मला तळव्यातून आधी कळला आणि डोळ्यांनी नंतर.

टर्नरनं पातळ कट घेऊन आतून सारखं केलं. बिडाची काळी भुकटी खाली पडत होती, बोटाला लागली तर जात नाही. आम्ही नवे ब्रेक-शू घातले, त्यांना पॉलिशपेपर मारला. रविवारी गुरुजी आधी स्वतः बसले. चाक उचललं, रस्त्याच्या टोकापर्यंत नेलं आणि लोण्यासारखं खाली ठेवलं. परत आले, हेल्मेट काढलं, चाकाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "काय केलंत काका?"

"गोल केलं."

त्या दिवसापासून ते झापताना आवाज थोडा खाली आणतात. गुरुजी म्हटलेलंही चालतं.

एक बाजूचं बोलून घेतो. हे रस्त्यावर करणाऱ्यांशी माझं काही नातं नाही. हायवेवर, ट्रकांच्या मधून, रीलसाठी चाक उचलणारी पोरं मीही पाहतो, आणि लोक मला त्यांच्यातच धरतात. मोटार वाहन कायद्याचं कलम १८४ आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर धोकादायक वाहन चालवल्याच्या पहिल्या गुन्ह्यालाच १,००० ते ५,००० रुपये दंड, किंवा सहा महिने ते वर्षभर कैद, किंवा दोन्ही. मला ते कमी वाटतं. ज्याला पडायचंय त्यानं रिकाम्या प्लॉटिंगमध्ये पडावं. दूध आणायला निघालेल्या बाईच्या वाटेत पडू नये. मात्र 'मग बंदच करा' म्हणणाऱ्यांचंही मला पटत नाही. खेळाला मैदान दिलं नाही तर तो रस्त्यावर येणार, हे गल्लीतल्या क्रिकेटनं फुटलेल्या काचा मोजून आपण केव्हाच शिकायला हवं होतं.

असो. उभं राहणं.

बसून चाक उचलता आलं की उभं राहून ते सोपं जाईल असं मला वाटत होतं. काही बाबतींत गेलंही. उभ्या माणसाचं वजन उंचावर असतं, त्यामुळे चाक लवकर सुटतं, जोर कमी लागतो. दोन्ही गुडघे शॉकॉपसारखे काम करतात. रस्त्याची भेग पाठीपर्यंत पोचत नाही. पण पाय ठेवायची पद्धत विचित्र. डावा पाय मागं, डबलसीट बसणाऱ्याच्या फूटरेस्टवर. उजवा पुढं, आपल्या जागी, बोटं ब्रेकवर. म्हणजे एक पाय पुढं, एक मागं, गुडघे सैल, नजर लांब. आखाड्यात याला पवित्रा म्हणतील. मग अंगाचं वजन एकदा खाली दाबायचं, मागचा शॉकॉप बसतो, आणि तो उसळून वर येतो त्याच क्षणी क्लच सोडायचा. आधी सोडला तर चाक जड, उशिरा सोडला तर धक्का. झोक्यावर दोघं उभे राहून झोका चढवतात, त्यातला दाब कधी द्यायचा हे कुणी शिकवतं का? तसलंच.

आणि वर गेल्यावर एक जागा येते. तिच्या अलीकडे गाडी खाली यायला बघते, मूठ पिळून धरावी लागते. तिच्या पलीकडे मागं उलटायला बघते, ब्रेक दाबावा लागतो. नेमक्या त्या जागी काहीच करावं लागत नाही. इंजिनाचा आवाज उतरतो, हात हलके होतात. वजन बरोबर मागच्या टायरच्या डोक्यावर आलेलं असतं. मायक्रॉनमध्ये आयुष्य काढलेल्या माणसाला ही जागा मोजायची फार इच्छा होते. मोजता येत नाही, कारण ती जागेवर राहत नाही. मी श्वास घेतला तरी सरकते. मग पायाचा अंगठा ब्रेकवर आणि मनगट मुठीवर, दोघांचं सारखं कुजबुजणं चालू राहतं. थोडं तू. आता थोडं मी.

या जुन्या पल्सरचा वेगाचा काटा पुढच्या चाकाच्या केबलवर चालतो. चाक उचललं की त्याला ओढणारं कुणी नसतं, ते हवेत मंद होत जातं आणि काटा हळूहळू शून्याकडे उतरतो. कानात वारा, खालून रस्ता धावतोय, खांब मागं पडताहेत आणि डायल सांगतो की तुम्ही थांबत आला आहात. पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा मी हसलो आणि हसताना तोल गेला. गुरुजींनी वर विचारलं, "काटा कशाला बघता? लायसन्सवाला उभा आहे का?"

अंतर आम्ही खांबांत मोजतो. दोन खांबांत माझी ३० पावलं. बसून माझे सात खांब होतात, उभं राहून तीन. जगात मोजायच्या पट्ट्या वेगळ्या आहेत. १९८४ मध्ये अमेरिकेत अलाबामातल्या टॅलाडेगा ट्रॅकवर डग डोमोकोस एका चाकावर १४५ मैल गेला. २३३ किलोमीटर. हे मी मामांना पुणे ते कोल्हापूर असं करून सांगितलं. मामा विचारात पडले. "खंबाटकी घाटासकट?" म्हटलं, तिथं घाट नव्हता, गोल ट्रॅक होता. "मग काय," मामा म्हणाले. तो खाली उतरला तो पेट्रोल संपलं म्हणून, हे मात्र त्यांना आवडलं. १९९१ मध्ये यासुयुकी कुडो नावाच्या जपान्यानं ३३१ किलोमीटर केले, तेव्हा आम्ही त्यांना जवळपास बेळगावपर्यंत नेलं. गुरुजींचं म्हणणं वेगळंच. ते म्हणतात, एवढा वेळ एकाच जागी तोल धरायचा तर त्या माणसाच्या मानेचं काय झालं असेल.

गेल्या रविवारी बायको आली. मी बोलावलं नव्हतं. नाश्त्याचा डबा करून म्हणाली, येते मी पण. कमानीच्या सावलीत मामांच्या खुर्चीवर बसली. मामांशी भुईमुगाच्या भावावर बोलत होती, मोबाइल बघत होती, एकदा कुत्र्याला पोळीचा तुकडा घातला. माझ्याकडे पाहताना मला तरी दिसली नाही. मी नेहमीसारखे फेरे मारले. दाब, उसळी, क्लच, खांब, खांब, अंगठा, खाली. एकदा अंगठ्यानं घाई केली आणि चाक आपटलं.

नऊ वाजता ऊन चढलं. थालीपीठ गार झालं होतं, लोणच्याचं तेल त्यात मुरलेलं. गुरुजींनी दोन घेतली. बायकोनं विचारलं, "ते खाली येताना चिर्र असा आवाज येतो, तो कसला?"

मी म्हटलं, वर असताना पुढचं चाक मंदावतं. खाली टेकलं की रस्ता त्याला एकदम फिरायला लावतो. तो रबराचा आवाज.

"रोज येतो?"

"चाक बराच वेळ वर राहिलं तर येतो. लगेच आपटलं तर नाही."

"हं." तिनं डब्याच्या कडेचं तेल बोटानं पुसलं. "आज किती वेळा आला?"

"मोजलं नाही."

"अकरा," ती म्हणाली आणि झाकण लावलं. "आणि एकदा नुसताच धप्प."